जिल्हा ओलांडल्यावर उघडायचा डबा

विहीणबाई, तुमचा डबा माझ्या ओट्यावर पडलाय. धुतला, पुसला, पण कपाटात ठेवायला हात जात नाही. झाकणावर तुमचं नाव कोरलंय, 'सौ. कमलबाई', आणि पुढचं आडनाव घासून घासून गेलंय. परवा नांदेडहून आल्यापासून मी त्याच्याकडं बघते आणि मला लाज वाटते. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला, तेही एका स्टीलच्या डब्यासमोर! तुम्ही बघितलं असतं तर तोंडाला पदर लावून हसला असतात.

तुम्ही गेलात त्याला अजून तेरा दिवससुद्धा झाले नाहीत. आमची ज्योती तिकडं तुमच्याच घरी आहे, तेरावं उरकूनच येईल. इथं गल्लीतल्या बाया येतात, दारात टेकतात, म्हणतात, "सुनेची आई गेली म्हणं? वाईट झालं." आणि मग माझा चेहरा बघून त्यांना प्रश्न पडतो. विहीण गेल्यावर कोणी एवढं मनाला लावून घेतं का? विहीण म्हणजे साड्या, मानपान, रुसवे. मी मुलाची आई, तुम्ही मुलीच्या. मी बोलायचं, तुम्ही ऐकायचं, असंच आपल्याकडं ठरलेलं. मी ते ठरलेलं काम चोख केलं हो, त्यात कसर ठेवली नाही.

अमोल-ज्योतीच्या लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा लातूरला आलात तो दिवस आठवतो. मी मेसच्या पोरांना त्या दिवशी साधी खिचडी घातली आणि तुमच्यासाठी पुरणाचा घाट घातला. ट्यूशनची पोरं जेवू घालणारी बाई मी. माझं ताट कोणी परत करत नाही असा माझा तोरा. तुम्ही पाटावर बसलात, ताटाला नमस्कार केलात, आणि ताट हातानं हळूच सरकवलंत.

"इहीणबाई, रागावू नका. लेकीच्या घरचं अन्न न्हाई खात मी. नातवंड मांडीवर आलं की मग तुम्ही म्हणाल ते खाईन."

"अहो, कोणत्या जमान्यातल्या गोष्टी करून राहिलात? आता कोण पाळतं हे?"

"माझ्या आईनं पाळलं. माझ्या घरचं पाणीबी न्हाई पेली ती, मोठा हुईस्तोवर." मोठा म्हणजे तुमचा थोरला मुलगा, तुमच्या आईचा पहिला नातू. आणि पिशवीतून तुम्ही स्वतःची पाण्याची बाटली काढलीत. मी म्हणाले, पाण्याचं बरं केलंत, लातूरला तसंही टँकरचीच वाट बघावी लागते. तुम्ही खळखळून हसलात. पण ताट तसंच राहिलं. ते अमोलनं खाल्लं.

रिकामं बसणं तुमच्या अंगात नव्हतं. पदर खोचून उठलात. "मला जेवायचं न्हाई तर जेवू तरी घालते. घरात बटाटे हायेत का? गाजर? वाटाणा?" ज्योती लगेच म्हणाली, "आई रशियन सलाद करंल." मी तोवर ते फक्त लग्नाच्या पंगतीत, टेबलाच्या शेवटी, चेरी लावून ठेवलेलं बघितलं होतं. घरात करायची गोष्ट आहे हेच ठाऊक नव्हतं.

तुमच्या नांदेडच्या घराला लागूनच भांड्यांचं गोदाम. व्याही लग्नाकार्याला किरायानं भांडी द्यायचे, आणि त्या भांड्यांत स्वयंपाक करणारा आचारी तुमच्याच गल्लीतला. त्याची बायको नसीम आपा तुमची मैत्रीण. तिच्याकडून तुम्ही ते शिकलात. ती अंडं घालायची. तुम्ही माळकरी घरच्या, म्हणून तिनंच तुम्हाला दुधाचं करून दाखवलं. तुम्ही त्याला कधी मेयोनीज म्हटलं नाही, ड्रेसिंग तर नाहीच. "पांढरं" म्हणायचात. "आधी पांढरं जमलं पाहिजे, भाज्या काय, त्या पडतात आपोआप."

दूध फ्रिजमधून नुकतंच काढलेलं, गार. मिक्सरच्या भांड्यात ते, मोहरीची पूड, मिरपूड, चिमूटभर साखर. मग करडीचं तेल, सुतासारखी धार धरून. "दुधाला तेल पाजायचं," म्हणायचात, "लेकराला औषध पाजल्यावानी. घाई केली की थुकतं." मिक्सरचा आवाज बदलला की तुम्ही मान हलवायचात. आला गोळा. मग लिंबू पिळायचं, मग त्यात तेवढाच चक्का, कारण नुसतं तेलाचं तुम्हाला जड वाटायचं. एकदा मध्येच लाईट गेली तर तुम्ही माझी ताकाची रवी घेऊन उरलेलं तेल त्यात घुसळलंत, आणि ते फाटलं नाही. मी तोंडात बोट घातलं. आणि उकडलेल्या भाज्या! त्या आदल्या दिवशी उकडून, गार करून, जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरायच्या. एकेक वाटाणा कोरडा पाहिजे. ओल राहिली की पांढऱ्याला पाणी सुटतं. शेवटी डब्यातल्या अननसाचे तुकडे, सफरचंद, आणि वर चेरी.

औशाचा माझा भाचा रशियात डॉक्टरकी शिकून आला तेव्हा त्यानं आपल्या दोघींना सांगितलं की तिकडं याच्यात अननस-बिननस नसतं, खारवलेली काकडी आणि मांस घालतात. तुम्ही त्याच्याकडं दयेनं बघितलंत. "मग त्यांना अजून शिकायचंय," म्हणालात.

तर सगळं तुम्ही करायचात. पण चाखायचं नाही. माझ्या घरचं दूध, माझ्या घरचं तेल, लेकीच्या घरचं अन्न. म्हणून तुम्ही चमचा माझ्यापुढं धरायचात. "सांगा." मी जीभ लावायची. "आंबट पाहिजे थोडं." तुम्ही लिंबू पिळायचात. "सांगा." "आता ठीक." "मीठ?" "मीठ बरोबर." हात तुमचे, जीभ माझी. इतकी वर्षं आपण दोघींनी मिळून एकच सलाद केलं, विहीणबाई. ज्योती हसायची, म्हणायची, तुम्ही दोघी मिळून एक बाई आहात.

मला माझ्या जिभेचा लई गर्व. एवढ्या पोरांची मेस चालवते म्हटल्यावर असणारच. पोरं पंगतीत मीठ मागायची तर मी म्हणायची, "घरी आयांनी लाडावून ठेवलंय तुम्हाला." माझी बीपीची गोळी सुरू झाल्याला किती वर्षं झाली, डॉक्टरांनी मीठ तोडलं, मी तोडलं, आणि मग मला सगळंच बरोबर लागायला लागलं. हे आज कळतंय. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्याचीच खरडपट्टी काढली असती.

नातवंड काही आलं नाही. दवाखाने झाले, सोलापूर झालं, औषधं झाली, नवस तुम्ही केले तेवढे मी केले नाहीत. मग एक दिवस अमोल आणि ज्योतीनं आम्हाला समोर बसवून सांगितलं की आता बास. आम्ही दोघं ठीक आहोत, आता आणखी सुया नकोत. मी मान्य केलं. तुम्हीही "हाव बाई, तुमचं सुख ते आमचं" म्हणालात. पण पुढच्या वेळी आलात तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली होतीच.

त्यावरून आपलं खरं भांडण सुरू झालं, नाही का? तुम्ही ताट सरकवलं की ज्योती उठून गच्चीवर जायची, कपडे वाळत घालायला म्हणून. तिथं दोरीवर काही नसायचं. मला ते दिसायचं. एकदा मी तुम्हाला धरलंच. "आता कशाची वाट बघून राहिलात? पोरांनी विषय संपवला. मग तुम्ही ताट सरकवलं की तिला काय वाटत असंल, कळतंय का तुम्हाला? दरवेळी तिच्या जखमेवरची खपली काढता."

तुम्ही हातातली वाटाण्याची शेंग सोलून टाकलीत. मग म्हणालात, "खाल्लं म्हंजी मी हात टेकले असं हुईल, इहीणबाई. लेकीनं टेकले तर टेकू द्या. आईनं कसे टेकायचे?"

यावर मला राग आला. माझं असंच आहे. मला वाटलं, ही बाई मोठेपणा दाखवते. तिचा नेम मोठा आणि आमचं अन्न लहान.

आता डब्याचं सांगते. तुम्ही परत निघताना दरवेळी पिशवीतून तो डबा काढायचात. "ह्यांच्यासाठी थोडं द्या. जे असंल ते." ह्यांच्यासाठी म्हणजे व्याह्यांसाठी. व्याह्यांनी लेकीच्या घरचं खाल्लेलं चालतं का, हे विचारायचंही मला सुचलं नाही. आणि मी काय करायची? आधी आमचे पाहुणे, मग अमोलचे बाबा, मग शेजार, मग वाटीभर मेसच्या लाडक्या पोरांना. सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या बुडाशी जे राहायचं, पाणी सुटलेलं, बटाट्याचा भुगा, चेरीचा नुसता लाल डाग, ते उलथण्यानं खरवडून तुमच्या डब्यात. मनात म्हणायची, भांडी किरायानं देणाऱ्या माणसाला अननसाची काय चव. तुम्ही झाकण लावायचात, कडी अडकवायचात आणि दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरायचात. "लई झालं," म्हणायचात.

आणि मग अमोलच्या बाबांची साठी. घर माणसांनी भरलेलं, माझ्या नणंदा उदगीरहून आलेल्या. तुम्ही आदल्या दिवसापासून राबत होतात. मोठ्या परातीत सलाद कालवलं, चमचा माझ्यापुढं धरलात. "सांगा." मी चाखलं. "मीठ बरोबर." तुम्ही एरवी लगेच चेरी लावायला घ्यायचात. त्या दिवशी थांबलात. माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "एक चिमूट अजून टाकू का? पाहुणे हायेत."

"बरोबर आहे म्हणते ना मी."

"हाव, पर एक चिमूटच."

मला काय झालं कोण जाणे. नणंदा बघत होत्या. मी मोठ्यांदा म्हणाले, "तोंडात घास घालायचा न्हाई अन् मीठ सांगायचं? वा गं बाई! आधी खाऊन दाखवा, मग आम्हाला शिकवा."

नणंदा फिदीफिदी हसल्या. तुम्हीही हसलात. चिमटीत धरलेलं मीठ परत बरणीत सोडलंत, हात पदराला पुसलात आणि चेऱ्या लावायला बसलात. पंगतीत जो तो मीठ मागत होता. मला वाटलं, वरणात कमी पडलं. संध्याकाळी तुम्ही डबा पुढं केलात आणि मी बूड खरवडून भरून दिलं.

त्यानंतर तुम्ही लातूरला आला नाहीत. दोन-तीनदा फोनवर बोललो, दोघींनी हवापाणी विचारलं. ते भांडण तसंच राहिलं. मला वाटायचं, दिवाळीला येतील तेव्हा बघू. मी मनात वाक्यसुद्धा ठरवलं होतं. माफी नव्हती ती, तेवढं माझ्याच्यानं झालं नसतं. "या, मीठ तुम्हीच घाला," एवढंच म्हणणार होते. मग एक दिवस सकाळी व्याह्यांचा फोन आला.

ज्योती-अमोल आधी निघाले. आम्ही दोघं तिसऱ्या दिवशी, सोयऱ्यांच्या रीतीनं डबे घेऊन. सुतकाच्या घरात चूल थंड, त्यामुळं बिनफोडणीचं, बिनहळदीचं पिठलं आणि भाकरी घेतली. आणि विहीणबाई, हसू नका, मी रशियन सलादही केलं. पहिल्यांदाच एकटीनं. माझा हिशेब असा की व्याह्यांना ते आवडतं. वर्षानुवर्षं तुम्ही त्यांच्यासाठी नेलं, आता कोण नेणार? आणि सुतकात फोडणी चालत नाही, तळण चालत नाही, हळद नको. सलादात यातलं काहीच नाही. मला वाटलं, किती शहाणी मी. सवयीनं वर चेऱ्याही लावल्या.

तुमच्या ओसरीवर बाया बसलेल्या. मी डबे उघडले, पातेल्यावर बांधलेलं फडकं सोडलं. पिठल्याच्या शेजारी ते पांढरंशुभ्र, लाल टिकल्या लावलेलं पातेलं. मग तुमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगंबाई! लग्नातलं सलाद आणलंत की हो सुतकात. बँडवाला मागून येतोय का?" एकीनं तोंड फिरवलं. अमोलनं माझ्याकडं असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी हाताला आलेलं झाकण लावलं, पण ते पातेलं मोठं आणि झाकण लहान, कडेनं चेऱ्या दिसतच राहिल्या.

ज्योती खांबाला टेकून बसली होती. तिनं पातेल्याकडं बघितलं आणि तिचा बांध फुटला. "माझ्या घरचा एक घास आईच्या पोटात गेला न्हाई. एवढं करून गेली, एक घास न्हाई." तिला कोणी गप्प करू शकेना. मी पातेलं उचललं आणि मागं गोदामात नेऊन ठेवलं.

तिथं व्याही होते. उपड्या घातलेल्या पातेल्यांच्या रांगेत एका स्टुलावर बसून हातातल्या झाऱ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "भाऊ, चुकलं माझं. तुम्हाला आवडतं म्हणून आणलं."

"मला?" त्यांनी झाकण उचलून बघितलं. "मी अननस तोंडात धरत न्हाई, इहीणबाई. दात आंबतात."

"अहो, मग डबा? प्रत्येक वेळी तुमच्यासाठी म्हणून न्यायच्या ना त्या."

व्याह्यांना हसू आलं, आणि त्या हसण्यातच डोळे भरले. "मला त्यातला चमचाबी मिळाला न्हाई कवा. मीच लातूरच्या स्टँडवर घ्यायला जायचो न तिला, माघारी येताना संगं असायचो. एष्टीत डबा मांडीवर धरून बसायची. अहमदपूर सुटलं, लातूर जिल्हा संपला, की म्हणायची, आता हे लेकीचं गाव न्हाई. अन् कडी काढायची. चमचा पर्समदी असायचा. चाटूनपुसून खायची. मला म्हणायची, तिकडं बघा, खिडकीकडं."

मी शेजारच्या उपड्या टोपावर बसले.

"घरच्यांना का नाही सांगितलं?"

"नेम होता न तिचा. घरात न्हाई खायचं, हे देवाला बोललेली. जिल्ह्याबाहेरचं बोलली नव्हती." त्यांनी झारा खाली ठेवला. "मीठ मातर दर बारीला कमी असायचं. दर खेपेला म्हणायची, इहीणबाईला मीठ कमी लागतं, बिचारीला बीपी हाय. मी म्हणायचो, मग सांग की तिला. तर म्हणायची, सांगू कशी? इचारतील न, तुम्हाला कसं कळलं."

विहीणबाई, साठीच्या दिवशी तुम्ही का बोललात ते तेव्हा मला कळलं. घरचं असतं तर तुम्ही कमी मिठाचंही चालवून घेतलं असतं, इतकी वर्षं घेतलंच. पण त्या दिवशी माझ्या घरी पाहुणे होते. माझं हसं होऊ नये म्हणून तुम्ही स्वतःचं इतक्या वर्षांचं गुपित पणाला लावून एक चिमूट मागितलीत. आणि मी म्हणाले, आधी खाऊन दाखवा.

आणि तुम्ही खात होतात. माझं बूड. पाणी सुटलेलं, उन्हात एष्टीत तापलेलं, खरवडून भरलेलं बूड. लेकीच्या घरचं म्हणून चाटूनपुसून. सगळ्या गावाला वरचं वाढलं मी, आणि ज्या बाईनं ते हातानं केलं तिच्या वाट्याला बुडाचं.

व्याही म्हणाले, "ज्योतीला सांगाल का तुम्ही? माझ्यानं न्हाई हुणार." मी हो म्हणाले. सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं होतं. आई जेवली तुझ्या घरचं, एवढं अर्धं सांगून मोकळं होता आलं असतं. पण तिनं नक्की विचारलं असतं, काय खाल्लं.

तुमच्या स्वयंपाकघरात ती एकटी सापडली. थंड चुलीसमोर उगीच उभी होती. मी दार लोटलं आणि सांगितलं. अहमदपूर, डबा, पर्समधला चमचा, खिडकी. ती ऐकत गेली. मध्येच हसली, "बाबांना खिडकीकडं बघायला लावायची?" आणि ओट्याला धरून रडली, पण ते ओसरीवरचं रडणं नव्हतं. तिचा श्वास खाली बसला. मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं आता काय येणार.

मीच म्हणाले, "ज्योती, त्या डब्यात मी..."

"मला माहितीय आई. पातेलं मीच धुवायचे ना."

मी खाली बघितलं.

"मला वाटायचं बाबा खातात," ती म्हणाली. "म्हणून मीबी काही बोलले न्हाई."

मला माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि ते बरं केलं. ती गोदामात गेली, पातेलं घेऊन आली. तुमच्या मिठाच्या बरणीतून चिमूट घेतली, घातली, हातानं अलगद वरखाली केलं, तुम्ही करायचात तसं. मग फळीवरून तुमचा हा डबा काढला. वरचं वरचं, चांगलं, अख्ख्या चेऱ्यांसकट काठोकाठ भरलं. कडी लावून माझ्या हातात दिला.

"चाखून तरी बघू का?" मी विचारलं.

"इथं नका," ती म्हणाली. "जिल्हा ओलांडल्यावर."

परतीच्या एष्टीत लोहा गेलं. अमोलच्या बाबांना डुलकी लागली. मी डबा मांडीवर धरून पाट्या वाचत बसले. नांदेड जिल्हा संपला तशी मी कडी काढली. चमचा आणायचं सुचलं नव्हतं, म्हणून बोटांनी घेतलं. समोरच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. मी तिला म्हणाले, "तिकडं बघा बाई, खिडकीकडं."

मला तर ते खारट लागलं, विहीणबाई. म्हणजे बरोबर असणार.